आकडा की बटण? कॉलर बोनच्या टोकाचं फ्रॅक्चर

बाइकवरून खांद्यावर आपटलेला माणूस बहुधा एका हाताने दुसरा हात तोलून धरूनच दवाखान्यात येतो. तोललेला हात तीन-साडेतीन किलोचा असतो. एरवी हे ओझं कॉलर बोनला, म्हणजे छातीपासून खांद्यापर्यंत जाणाऱ्या आडव्या हाडाला, टांगलेलं असतं.

हे हाड मधोमध मोडलं तर पुष्कळदा हात झोळीत ठेवूनच जुळतं. बाहेरच्या टोकाशी मोडलं की गणित बदलतं. तिथे हाडाच्या खालून दोन चिवट अस्थिबंध निघतात आणि खांद्याच्या फऱ्याच्या चोचीसारख्या उंचवट्याला, कोराकॉइडला, जखडलेले असतात. आतल्या तुकड्याची ही बांधणी सुटली, की मानेचे स्नायू तो वर ओढतात आणि बाहेरचा तुकडा हाताच्या वजनाने खाली जातो. अमेरिकी सर्जन चार्ल्स नीर यांनी 1968 मध्ये याला ‘टाइप 2’ म्हणून वेगळं काढलं.

मग उपाय काय? नुसत्या तारा घालणं जुनं झालं. त्या सरकतात, क्वचित छातीतही शिरल्या आहेत. लॉकिंग प्लेट, म्हणजे स्क्रू जिच्यात घट्ट अडकून बसतात अशी धातूची पट्टी, उत्तम, पण बाहेरचा तुकडा कधी कधी एवढुसा असतो, की स्क्रू म्हणजे शेंगदाण्याच्या टरफलात खिळा.

म्हणून आकड्याची प्लेट आली. तिचं वाकडं टोक खांद्याच्या छपराच्या हाडाखाली सरकवतात आणि प्लेट पहारीसारखी आतला तुकडा खाली दाबते. युक्ती झकास, पण हात वर केला की आकडा त्या छपराला घासतो, कधी हाड झिजवतो. म्हणून काही महिन्यांनी ती काढावी लागते, म्हणजे दुसरं ऑपरेशन आलंच.

बटणाची पद्धत मला जास्त पटते, कारण ती मूळ दुखण्याला हात घालते. कॉलर बोन आणि कोराकॉइडमधून भोक पाडून, दोन्हीकडे धातूची छोटी बटणं लावून मजबूत दोरा ताणतात. तुटलेल्या अस्थिबंधाचं काम तो करतो. सहसा काढावा लागत नाही. मात्र भोक जरा कडेला गेलं तर कोराकॉइडच मोडू शकतो, आणि शेजारीच हाताच्या नसा-रक्तवाहिन्या. हात बसलेलाच सर्जन हवा.

हाड जुळण्यात या दोन पद्धतींत फारसा फरक दिसत नाही. फरक नंतरच्या त्रासात आहे. वयस्कर माणसांत तर कधी हाड जुळतच नाही, तरी ती खुशाल फडताळातला डबा काढतात. त्यांना दोन्ही नको.