चेस, कॅच आणि आपला 'पाठलाग'

चेस म्हणजे कुणाच्यातरी मागे पळणं, हे काय सांगायला नको. पण चेस आणि कॅच मुळात एकच शब्द आहे. लॅटिनमधनं फ्रेंचमध्ये आला, तिथे मधल्या भागातल्या बोलीत सुरुवातीच्या 'क'चा 'च' झाला, उत्तरेकडच्या बोलीत 'क' राहिला आणि इंग्रजीने दोन्ही उचलले, एक मागे लागायला आणि एक पकडायला. परचेस पण ह्याच घरातला, आधी अर्थ होता मिळवायला धडपडणं, पैसे मोजणं नंतर आलं. शिकारीच्या रानालाही चेस म्हणायचे, इंग्लंडमधल्या कॅनक चेसच्या नावात ते अजून आहे. धातूवर ठोकून नक्षी काढतात ते चेसिंग मात्र वेगळं, ते पेटी ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरनं आलंय, त्यात पळापळ नाही.

आपल्याकडे शब्द घट्ट बसला तो क्रिकेटमुळे. मराठीत 'धावांचा पाठलाग' झाला आणि तिथेच वाद. पाठ दिसायला समोर कुणी पळायला तर पाहिजे, टार्गेट बोर्डावर गप्प बसलेलं असतं, मग 'लक्ष्य गाठलं' म्हणा की, असं बरेच जण म्हणतात. मला पटत नाही, कारण टार्गेट पळतं.

22 मार्च 1992, सिडनी, वर्ल्डकपची सेमीफायनल. दक्षिण आफ्रिकेला 13 बॉलमध्ये 22 हवे होते आणि पाऊस आला. तेव्हाचा नियम असा की दुसऱ्या टीमच्या जेवढ्या ओव्हर जातील तेवढ्या पहिल्या टीमच्या सगळ्यात कमी रनवाल्या ओव्हर काढायच्या, म्हणजे दुसऱ्या टीमने आधी चांगली बॉलिंग टाकली होती त्याचीच तिला शिक्षा! 12 मिनिटं खेळ थांबला, दोन ओव्हर गेल्या, परत आले तर बोर्डावर 1 बॉलमध्ये 22. खरं तर 21 हवे होते, पण त्याने काय फरक पडणार. बॅट्समन पॅव्हेलियनमध्ये बसून आणि टार्गेट पुढे निघून गेलेलं, ह्याला पाठलाग नाही तर काय म्हणायचं? 1997 पासून नवं गणित आलं, त्यात ओव्हरबरोबर हातात किती विकेट आहेत तेही धरतात. ते आपल्यातल्या निम्म्यांना अजून कळत नाही, पण टार्गेट त्यातही हलतंच.

आता नवीन घोळ म्हणजे धावांच्या पाठलागात पटाईत बॅट्समनला मथळ्यात 'चेस मास्टर' छापतात आणि आमचे काका बातमी उघडून बुद्धिबळाचा पट शोधत बसतात.