अहिराणी रॅप लग्नाच्या मांडवातच का अडकतो

धुळे, जळगाव, नंदुरबारची पोरं आज अहिराणीत रॅप लिहितात. कापसाचा भाव, सुरतला कामाला गेलेला भाऊ, भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत सरलेली वर्षं, हे सगळं त्या ओळींत येतं. तरीही पुण्या-मुंबईच्या रॅपरांएवढं मोठं नाव खान्देशातून अजून झालेलं नाही. पोरांमध्ये दम नाही, असं कुणी म्हटलं की मला ते मुळीच पटत नाही. शब्दांची इथे कधीच वाण नव्हती. ते बाहेर नेणारी वाट मात्र नेहमी दुसऱ्यांच्या हातात राहिली.

बहिणाबाई चौधरींचंच पाहा. जात्यावर, शेतात सुचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेवांनी जपली, आचार्य अत्र्यांनी उचलून धरली, तेव्हा कुठे १९५२ साली पुस्तक निघालं. बहिणाबाई त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या.

नंतर स्वस्त कॅसेट आली, तिच्या मागून सीडी आणि यूट्यूब. अहिराणी गाण्याचं हक्काचं गिऱ्हाईक मात्र एकच राहिलं, ते म्हणजे लग्नसराई. हळद, वरात, बँड, डीजे. तिथे ठेका लागतो आणि सगळ्यांना म्हणता येईल असं धृपद लागतं. ‘झुमकावाली पोर’ अहिराणी न कळणाऱ्यांपर्यंतही पोचलं ते याच ताकदीवर, आणि त्याचा मला आनंदच आहे. पण रॅपचा जीव शब्दात असतो. डीजेच्या भिंतीसमोर तो शब्द ऐकूच येत नाही.

त्यात कायद्याची एक बाजू आहे, तिची चर्चा फारच कमी होते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२नुसार धार्मिक समारंभात गाणं वाजवल्यास तो हक्कभंग ठरत नाही. लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभही त्यातच मोडतात. केंद्र सरकारने जुलै २०२३मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. लग्नघरावर बोजा नको, हे ठीकच. पण २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क पक्का केला, त्याचा खान्देशातल्या या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर उपयोग होत नाही. डीजेवाल्याला सुपारी मिळते, बँडला मिळते. गाणं गाजलं तर गायकाला स्टेज शो मिळतात. लिहिणाऱ्याच्या हाती काही पडत नाही.

दुसरी वाट मुंबईची. २०१५ साली डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांचं ‘मेरे गली में’ आलं, २०१९मध्ये ‘गली बॉय’ हा चित्रपट आणि त्याच वर्षी ‘एमटीव्ही हसल’ ही टीव्हीवरची रॅप स्पर्धा. लेबलं म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपन्या, चित्रपट, टीव्ही, सगळं एकाच शहरात, आणि व्यवहार बहुतेक हिंदीत. २०२२मध्ये एमसी स्क्वेअर हरियाणवीत रॅप करून ‘हसल’ जिंकला, हे उदाहरण लोक देतात. पण हिंदी ऐकणाऱ्याला हरियाणवी बरीचशी कळते. अहिराणी मराठी आणि गुजराती यांच्या मधली. २०११च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी तिच्यातच मोजतात) बोलणारे सुमारे १८ लाख ६० हजार. मोठ्या लेबलाला एवढा बाजार लहान वाटतो. म्हणून पोरगा हिंदीकडे वळतो आणि त्याची खरी धार असलेली भाषाच मागे टाकतो. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

२०१६मध्ये जिओ आल्यावर गाणं टाकणं सोपं झालं, कमावणं नाही. यूट्यूबवर मोठ्या लांबीच्या व्हिडिओंच्या जाहिरातींतला वाटा हवा, तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं. २०२४पासून स्पॉटिफायवर १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टी मिळत नाही. शिवाय बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, बहुधा नेटवरून घेतलेली असते. वापराचा परवाना नीट नसेल तर गाणं चालल्यावर बीटवाला दावा लावतो आणि येणारे पैसेही त्याच्याकडे वळतात. ज्यांनी बीट स्वतः किंवा गावातल्याच दोस्ताकडून बनवून घेतली आणि कुणाचे हक्क किती हे आधीच कागदावर लिहून ठेवलं, त्यांचं गाणं निदान त्यांचं राहतं. रेकॉर्डिंगच्या आधी करायचं पहिलं काम हेच.