25 किलोची गोणी पावसाळ्यात किती पाणी पिते?

मे महिन्यात 25 किलो तांदूळ घेतला, गोणीतच किचनच्या कोपऱ्यात उभा केला, आणि एक दाणा न काढता ऑगस्टमध्ये वजन केलं तर काटा 25 च्या पुढे जाऊ शकतो. जास्तीचं वजन पाण्याचं. हिशोब करून बघा, 12 टक्के ओलावा असलेल्या 25 किलोत 22 किलो कोरडा माल आणि 3 किलो पाणी असतं, ओलावा 15 टक्क्यांवर गेला की त्याच 22 किलो मालाबरोबर 3.9 किलोच्या आसपास पाणी येतं, म्हणजे त्या गोणीने हवेतून पाऊण लिटरच्या वर पाणी ओढलं आणि आपल्याला पत्ता पण नाही. ठाणे काय नवी मुंबई काय, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला डोंगर, जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता 80-90 टक्के धरूनच चालायचं.

घरात थोडाफार जास्तीचा किराणा असावा हे आता कोणाला पटवून द्यायची गरज नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता तेव्हा कळवा-मुंब्र्यापासून पनवेलपर्यंत काय हाल झाले ते आठवत असेल, आणि 2020 चा लॉकडाऊन तर कालपरवाचाच वाटतो. पण साठवण म्हटलं की लोक दोन टोकांना जातात. एक तर वर्षाचं धान्य एकदम भरायचं, जसं देशावर किंवा विदर्भात आजी-पणजी भरायच्या, नाहीतर ते फॉरेनचे व्हिडिओ बघून बादल्या आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या ऑनलाइन मागवायच्या. पहिल्यात तिकडची कोरडी हवा गृहीत धरलेली असते, दुसऱ्यात बेसमेंट आणि भरपूर पैसा. आपल्याकडे वन बीएचके आणि दमट हवा, त्यामुळे बजेट कमी असेल तर पहिला रुपया पाणी आणि हवा बाहेर ठेवण्यावर घालवायचा, धान्य त्यानंतर.

धान्य खराब होणार की नाही हे त्यात एकूण पाणी किती यापेक्षा मोकळं पाणी किती यावर ठरतं. शास्त्रज्ञ याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, शून्य ते एक असा आकडा असतो. शुद्ध पाणी 1, ताजी भाजी-फळं 0.97 च्या वर, आणि 0.6 च्या खाली गेलं की कुठलीही बुरशी, यीस्ट, बॅक्टेरिया वाढत नाही. आता गंमत अशी की धान्य उघडं ठेवलं की त्याचा हा आकडा हळूहळू आजूबाजूच्या हवेशी जुळायला लागतो, हवा 85 टक्के दमट असेल तर धान्य 0.85 कडे सरकतं आणि तिथे बुरशीची मजाच मजा. 12-13 टक्के ओलाव्याचा तांदूळ 0.6 च्या जवळपास असतो म्हणून तो टिकतो. लोणच्यातलं मीठ आणि मुरांब्यातली साखर हेच काम करतात, पाणी असतं पण ते मीठ-साखरेला बांधलेलं असतं, बुरशीला मिळत नाही.

हे मोजायला मीटर विकत घ्यायची गरज नाही, मीठ पुरतं. साधं बारीक मीठ तव्यावर कोरडं भाजून पूर्ण थंड करा, काचेची बरणी खडखडीत कोरडी घ्या, तिच्यात दोन-तीन मुठी तांदूळ आणि दोन चमचे ते मीठ टाका, झाकण लावून एखादं मिनिट नीट हलवा आणि मग दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवून द्या. मीठ सुटं राहून दाण्यांमधून खाली बसलं तर माल कोरडा आहे, बरणीच्या काचेला आणि दाण्यांना चिकटून पांढरट थर बसला तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, असा तांदूळ भरून ठेवायचा नाही. बऱ्याच देशांत छोटे शेतकरी हेच करतात. यामागचं कारण मला फार आवडतं. मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेच्या वर गेलं की हवेतलं पाणी ओढायला लागतं, आणि 15 टक्के ओलाव्याच्या धान्याभोवतीची बंद हवा जवळपास तेवढीच दमट असते, म्हणजे आपण नकळत बरणीतली आर्द्रताच मोजतो. फक्त खडे मीठ वापरू नका, त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते आधीच ओलावतात आणि चांगला तांदूळ पण नापास होतो.

आता किडे. तांदळातला सोंड्या बाहेरून येतो असं आपल्याला वाटतं, बऱ्याचदा तो दुकानातूनच आपल्याबरोबर आलेला असतो. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून भोक बंद करते, म्हणजे निवडताना, चाळताना काही दिसणारच नाही. अळी आतून दाणा खाते, तिथेच कोष करते, आणि 30 डिग्री आणि दमट हवेत साधारण महिन्याभरात मोठा किडा बाहेर पडतो. एक मादी आयुष्यात 300 च्या वर अंडी घालू शकते. म्हणून "अहो, डब्यात किडे आपोआप झाले" हे जूनमध्ये घराघरात ऐकू येतं.

कडधान्याचं वेगळं. मूग, चवळी, मटकीवर पांढरे बारीक ठिपके दिसतात ना, ती भुंगेऱ्याची अंडी, वरूनच चिकटवलेली. ही लागण बऱ्याचदा शेतातच झालेली असते. भुंगेऱ्याला अख्खे दाणे आवडतात, डाळ केलेली फारशी नाही, त्यामुळे कमी जागा आणि कमी पैशात साठवायचं असेल तर अख्ख्या मुगापेक्षा मूगडाळ, अख्ख्या तुरीपेक्षा तूरडाळ कमी कटकटीची. उसळीवाले नाराज होतील, पण पाव-अर्धा किलो अख्खे मूग लागतील तसे आणता येतात.

चवळीच्या या भुंगेऱ्यावर सगळ्यात भारी काम आफ्रिकेत झालंय. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत चवळी हे गरिबाचं प्रोटीन, आणि साठवलेली चवळी काही महिन्यांत भुगा व्हायची. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी कॅमेरूनमध्ये यावर काम सुरू केलं आणि त्यातून तीन थरांची पिशवी आली, आत जाड प्लास्टिकच्या दोन आणि बाहेर विणलेली गोणी. औषध नाही, पावडर नाही. पिशवी गच्च भरून घट्ट बांधली की आतले किडे श्वास घेऊन ऑक्सिजन स्वतःच संपवतात, 21 टक्क्यांवरून खूप खाली आणतात. पुढे 2012 मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की हे किडे नुसते गुदमरून मरत नाहीत तर तहानेने मरतात. कोरड्या दाण्यात पाणी नसतंच, किडा पिष्ट पदार्थ ऑक्सिजनने जाळून त्यातून स्वतःला लागणारं पाणी तयार करतो, ऑक्सिजन तुटला की पाणी तुटलं, खाणं बंद, अंडी बंद, आणि सुकून खलास.

आपल्या किचनसाठी यातून दोन गोष्टी निघतात. डबा हवाबंद पाहिजे, आणि तो गळ्यापर्यंत भरलेला पाहिजे. अर्धा रिकामा डबा म्हणजे किड्यांना ऑक्सिजनचा साठा. म्हणून मी 20 किलोच्या स्टीलच्या कोठीपेक्षा 2 लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांना मत देतो, हसा खुशाल. कोठी दिसायला छान आणि उंदरांपासून सुरक्षित, पण झाकण नुसतं वर बसतं, कडेने हवा आणि किडे दोन्ही जातात-येतात, आणि रोज उघडली की रोज दमट हवा आत. बाटली फुकट, बूच घट्ट, एका बाटलीत 1.6 किलोच्या आसपास तांदूळ मावतो, एक खराब निघाली तर बाकीच्या शाबूत. चार जणांच्या घरात रोज अर्धा किलो तांदूळ लागतो असं धरलं तर पाच बाटल्यांत पंधरा दिवसांचा भात होतो. बाटली धुऊन पूर्ण वाळली पाहिजे, दोन-तीन दिवस उन्हात उलटी, आत एक थेंब राहिला तरी सगळं मुसळ केरात. तेलाचे रिकामे कॅन मात्र नको, आत चिकटलेलं तेल खवट होतं आणि तो वास तांदूळ पकडतो. कोठी आहेच घरात तर टाकू नका, भरलेल्या बाटल्या कोठीत ठेवा, उंदरांचा पण प्रश्न मिटला.

डब्यात मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं, ऑक्सिजन संपतो, असं पण फिरतं मेसेजमध्ये. मेणबत्ती 16 टक्क्यांच्या आसपासच विझते, किड्याला तेवढा ऑक्सिजन चिक्कार झाला, वर जळताना थोडं पाणी तयार होतं ते वेगळंच.

घरगुती उपायांतलं एरंडेल खरंच काम करतं. कडधान्याला हलका हात लावला की तेलाचा थर अंड्यांवर बसतो आणि ती गुदमरतात. वालाला, पावट्याला राख चोळतात त्यातही दम आहे, राखेचे बारीक कण किड्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण खरवडतात आणि तो सुकतो. कडुनिंबाचा पाला, लवंग, तमालपत्र हे फार तर नवीन किड्यांना लांब ठेवतील, दाण्याच्या आत बसलेल्या अळीला त्यांचं काही वाटत नाही, आणि ताजा हिरवा पाला टाकला तर आपण स्वतःच्या हाताने डब्यात पाणी टाकतोय. बोरिक पावडर बऱ्याच घरांत चालते पण खाण्याच्या पदार्थात तिला परवानगी नाही, तांदूळ निदान धुतो तरी, रवा कसा धुणार? पाऱ्याच्या गोळ्या पण नको. आणि सल्फासच्या गोळ्या घरात अजिबात नाही, म्हणजे नाहीच. ते अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड असतं, हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सुटतो, त्यावर उतारा नाही, बंद फ्लॅटमध्ये रात्रीत माणसं गेलेली आहेत.

रवा, बेसन, मैदा, दलिया यांना फ्रीझर. उणे 18 डिग्रीत चार दिवस ते आठवडा ठेवलं की अंडी-अळ्यांसकट सगळं मरतं, मग बाहेर काढून डब्यात भरता येतं. पाकीट बाहेर काढल्यावर लगेच फोडायचं नाही, आधी रूम टेंपरेचरला येऊ द्यायचं, नाहीतर थंड पिठावर हवेतलं पाणी जमतं आणि केलं-सवरलं वाया.

भरायचं कधी? सगळे म्हणतात मे. पण आपल्याकडे मे महिन्यात ऊन कडक असलं तरी समुद्रावरच्या वाऱ्याने हवा दमटच असते, हवेच्या दृष्टीने जानेवारी-फेब्रुवारीची दुपार जास्त कोरडी. तांदूळ तेव्हाच भरून टाकावा, नवीन तूरडाळ आणि गहू मार्च-एप्रिलमध्ये येतात ते तेव्हा, पहिल्या वळवाच्या आत सगळं बंद. मेमध्ये उन्हात घालायचं असेल तर पातळ थर, भर दुपारी, आणि ऊन उतरायच्या आत उचलून सावलीत थंड करून मगच भरायचं, गरम भरलं तर झाकणाच्या आत घाम धरतो.

खर्चाचं म्हणाल तर एकदम काही करूच नका. महिन्याच्या किराण्यात एक वस्तू जास्त घ्यायची, या महिन्यात दोन किलो तूरडाळ, पुढच्या महिन्यात तांदूळ, मग गूळ, मीठ, पोहे. वाशीच्या दाणा मार्केटमधून सोसायटीतल्या तीन-चार घरांनी मिळून एक गोणी आणून वाटून घेतली तर रेटमध्ये फरक पडतो, ठाण्यात जांभळी नाक्याला पण भाव करून बघा. प्रत्येक बाटलीवर मार्करने महिना लिहायचा, जुनी पुढे, नवी मागे. आणि जागा निवडताना गॅसच्या वरचं कपाट नको, कुकरची वाफ तिथेच जाते, सिंकखाली नको, पावसात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकून तर नकोच. बेडरूममधल्या पलंगाखालची जागा सगळ्यात बरी.

काही गोष्टी साठवूच नयेत. बाजरीचं पीठ, कारण दळल्यावर बाजरीतलं एन्झाइम तिच्याच तेलावर तुटून पडतं आणि थोड्या दिवसांत पीठ कडू होतं, बाजरी अख्खी ठेवा आणि आठवड्यापुरती दळा. ब्राऊन राइसच्या कोंड्यात तेल असतं, तो पॉलिश तांदळाइतका टिकत नाही. दाण्याचं कूट फ्रीजमध्ये, तेही थोडं. सुकट-बोंबील भरणाऱ्यांना सांगायला नको, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद, तेव्हा आगरी-कोळी घरांत सुक्यावरच भागतं, फक्त पावसात ती हवेतलं पाणी पटकन ओढते, म्हणून छोट्या पुड्या करून फ्रीझरला टाका, आणि खारवलेल्या मासळीवर गुलाबी झाक आली तर ते मिठात वाढणारे बॅक्टेरिया, ती घेऊ नका.

किडे झालेले तांदूळ टाकून द्यायची गरज नसते, चाळा, फ्रीझरला टाका, धुवा, शिजवा. बुरशीचं मात्र तसं नाही. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की मेल्या तेव्हा अफ्लाटॉक्सिन सापडलं, आणि 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात पावसात भिजलेला बुरशीचा मका खाऊन 100 च्या वर माणसं गेली. हे विष लिव्हरवर जातं आणि कुकरच्या शिट्ट्यांनी पूर्ण नष्ट होत नाही. शेंगदाणे, मका, सुकं खोबरं, लाल मिरची यांच्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर वरचं पुसून, उन्हात घालून, भाजून वाचवायचं नाही, अख्खी पिशवी ओल्या कचऱ्यात टाकायची, आणि कबुतरांना-गाईला पण घालायची नाही.