‘उदास’ आणि ‘उदासीन’: अर्थ कुठे वळला

मुळात या दोन्ही शब्दांत दुःख नव्हतंच. ‘उद् + आसीन’ म्हणजे अलिप्त बसलेला. कौटिलीय अर्थशास्त्रातला उदासीन राजा दोघांच्या वैरापासून लांब असतो, पण बळाने भारी. गीतेच्या १२व्या अध्यायात तर ‘उदासीनो गतव्यथः’ असं येतं. शेजारचाच शब्द व्यथा गेलेल्याचा. तुकोबांच्या ‘उदास विचारें वेच करी’ या अभंगातही हळहळत खर्च करायला सांगितलेलं नाही, धनात जीव न गुंतवता करायला सांगितलंय. आज ती ओळ सर्रास चुकीची समजली जाते.

पुढे ‘उदास’ खिन्नतेकडे गेला, ‘उदासीन’ मात्र बराचसा जागेवर राहिला. खरा गुंता इथेच आहे. मराठी शालेय विज्ञानाने आम्ल-आम्लारीच्या अभिक्रियेला ‘उदासीनीकरण’ म्हटलं. मूळ अर्थाने ते चोख; सामू (pH) ७ असलेलं द्रावण ना आम्ल, ना आम्लारी. पण घरात ‘उदास’चा एकच अर्थ ऐकलेल्या मुलाला ही संज्ञा घोकावी लागते. तिथे ‘उदास’ आणि ‘उदासीन’ यांतला फरक दोन ओळींत सांगायलाच हवा होता.

सोलापुरात हा फरक समजावणं खरं तर सोपं आहे. कन्नडमध्ये ‘उदासीन माडु’ म्हणजे दुर्लक्ष करणं, आणि तेलुगूतही ‘उदासीनत’ म्हणजे बेफिकिरी. अक्कलकोटकडच्या कानडी किंवा शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत जुना अर्थ आजही बोलण्यात आहे. तरी ‘यंत्रमाग कामगारांबाबत प्रशासन उदास’ अशी वाक्यं लिहिली जातात. तिथे ‘उदासीन’च हवं, कारण प्रशासनाला वाईट वाटत नाहीये, ते लक्ष देत नाहीये.

ओळखायची खूण सोबतच्या शब्दांत आहे. ‘-बाबत’ किंवा ‘-विषयी’ जोडता आलं तर ‘उदासीन’. ‘मला… वाटतं’ मध्ये बसलं तर ‘उदास’. म्हणून ‘मला उदासीन वाटतं’ हे चूक. ‘उदास’ लिंगानुसार बदलत नाही, ‘उदासवाणा’ बदलतो: उदासवाणी संध्याकाळ, उदासवाणं घर.

‘भकास’ वेगळा. तो मुख्यतः जागेचा. चेहऱ्याला लावला तर दुःखापेक्षा रितेपण सांगतो. १८७७ साली सुरू झालेल्या सोलापूरच्या ‘जुनी मिल’सारख्या बंद गिरणीचं आवार भकास असतं. मागांचा खडखडाट थांबलेल्या गल्लीत अजून माणसं राहतात, दारात बसतात. ती गल्ली उदास.