नाकवाली गाडी, चपटी गाडी : परदेशी ट्रक चालवायला जाणाऱ्या चालकांसाठी

आपल्याकडे हेवी गाडी चालवलेल्याला युरोपातली केबिन ओळखीची वाटते, कारण तिथेही ती इंजिनाच्या डोक्यावरच बसवलेली असते. अमेरिकेत किंवा कॅनडात मात्र काचेपुढे लांबलचक बोनेट दिसतं. हा फरक आवडीनिवडीचा नाही, लांबी कुठून कुठपर्यंत मोजायची याचा आहे.

युरोपीय संघात हॉर्स (पुढची ओढणारी गाडी) आणि सेमी-ट्रेलर (तिच्या पाठीवर टेकणारा मालाचा डबा) मिळून गाडी १६.५ मीटरच्या आत हवी. त्यात १३.६ मीटरचा ट्रेलर बसवायचा, तर केबिनला इंजिनावर चढण्यावाचून गत्यंतर नाही. अमेरिकेत १९८२ च्या कायद्यानंतर प्रमुख महामार्गांवर एकूण लांबीला बंधन राहिलं नाही, मोजतात तो ट्रेलर. तो सहसा ५३ फुटी, म्हणजे १६.१५ मीटर. युरोपातल्या अख्ख्या गाडीएवढा तिकडचा नुसता ट्रेलर! नाक कितीही वाढलं तरी मालाची जागा कमी होत नाही, म्हणून त्याआधी तिकडेही भरपूर दिसणाऱ्या बिननाकाच्या चपट्या गाड्या हळूहळू नाहीशा झाल्या.

केबिन उचलताना

चपट्या गाडीत इंजिनापर्यंत जायचं तर केबिन पुढे कलंडवावी लागते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रलमध्ये. मग आतलं सगळं सुटं सामान काढा. केटली किंवा पाण्याची बाटली राहिली तर ती थेट समोरच्या काचेवर जाते. समोर माणूस आणि भिंत नको. पंपाचा वॉल्व्ह उचलण्याच्या बाजूला फिरवा आणि केबिन पूर्ण कलेपर्यंत पंप मारा. अर्धवट उचललेल्या केबिनखाली शिरायचं नाही. खाली आणल्यावर लॉक बसलं का ते बघूनच निघा. नाकवाल्या गाडीत दोन्ही बाजूंच्या कड्या सोडून बोनेट पुढे ओढलं की झालं, फक्त वारा असेल तर ते धरून ठेवा.

वजन : इथे सर्वाधिक गोंधळ होतो

युरोपात नेहमीची गाडी दोन एक्सलचा हॉर्स आणि तीन एक्सलचा ट्रेलर अशी, एकूण ४० टन, ड्राइव्ह एक्सलवर (इंजिन फिरवतं त्या एक्सलवर) ११.५ टन. अमेरिकेत उलट : हॉर्सला तीन एक्सल, ट्रेलरला दोन. एकूण ८०,००० पौंड (सुमारे ३६.३ टन), जोड-एक्सलवर (लागून असलेल्या दोन एक्सलच्या जोडीवर) ३४,००० पौंड. एकूण वजन बसलं तरी एखादी जोडी जड निघते, म्हणून तिकडच्या ट्रेलरची मागची जोडी पुढेमागे सरकवता येते.

काट्यावर ट्रेलरची जोडी जड निघाली तर ती मागे न्यायची, हॉर्सची ड्राइव्ह जोडी जड निघाली तर पुढे. आपल्याला उलटं वाटतं, पण जोडी मागे गेली की मालाचा भार किंगपिनवर (ट्रेलर हॉर्सला जोडणाऱ्या खिळीवर), म्हणजे हॉर्सवर जास्त येतो. जोडी पिनांनी अडकवायच्या भोकांमध्ये सहा इंचांचं अंतर असेल तर एका भोकाला साधारण ४०० पौंड सरकतात. ट्रेलरचे ब्रेक लावा, दांडा ओढून पिना सोडवा आणि हॉर्स अगदी सावकाश हलवा. चाकं जागीच राहतात, वरचा डबा सरकतो. म्हणून जोडी मागे हवी तर हॉर्स पुढे घ्यायचा. पिना बसवून खाली उतरा आणि चारही पिना भोकातून बाहेर आलेल्या डोळ्यांनी बघा. एखादी अर्धवट राहिली तर पहिल्या जोरदार ब्रेकला जोडी सरकू शकते. फार मागेही नेऊ नका : कॅलिफोर्नियात ५३ फुटी ट्रेलरला किंगपिनपासून शेवटच्या एक्सलच्या मध्यापर्यंत ४० फूट हीच मर्यादा आहे. शिवाय जोडी जितकी मागे, तितका वळणावर ट्रेलर आत कापतो.

हवा आणि वीज

ट्रेलरच्या ब्रेकला हवा पुरवणारा पाईप दोन्हीकडे लाल. ब्रेकचा हुकूम नेणारा पाईप युरोपात पिवळा, अमेरिकेत निळा. युरोपात पार्किंग ब्रेकला छोटा लिव्हर असतो. अमेरिकेत डॅशबोर्डवर दोन बटणं : पिवळं चौकोनी गाडीचं, लाल अष्टकोनी ट्रेलरचं. ओढलं की ब्रेक लागतो, दाबलं की सुटतो. गेज पीएसआयमध्ये असतो, १२० म्हणजे सुमारे ८.३ बार. साधारण ६० च्या खाली येऊ लागला की इशारा वाजतो. तेव्हाच सुरक्षित जागी थांबा, नाहीतर पुढे स्प्रिंग ब्रेक (हवा कमी झाली की स्प्रिंगच्या जोराने लागणारा) आपोआप लागून गाडी भर रस्त्यात अडकेल.

वीज युरोपात २४ व्होल्ट, अमेरिकेत १२. चहाची केटली किंवा चार्जर इथून नेणार असाल तर आधी हे बघा.

टायर

युरोपी ट्रेलरला बहुधा ३८५ मिलिमीटर रुंदीचा एकेकच टायर, तो हवा जाऊन बसला की बघताच कळतं. अमेरिकेत बहुतेक जोडटायर. आतला बसला तरी बाहेरचा भार पेलत राहतो, तापतो आणि काही मैलांनी फुटतो. त्यामुळे तिकडेही दर थांब्यावर टॉमी (लोखंडी दांडा) मारून आवाज ऐकायची आपली सवय सोडू नका. भरलेला टायर टणक वाजून टॉमी उसळवतो, बसलेला भद्द वाजतो.