रुग्णसेवा, संसार आणि एक जुना चित्रपट: पार्श्वभूमी

ब्रिटिश सरकारच्या चित्रपट विभागाने १९५१ साली काढलेला 'लाइफ इन हर हँड्स' हा कृष्णधवल चित्रपट वेंगुर्ल्यात नुकताच डिजिटल प्रतीवरून दाखवण्यात आला. प्रेक्षकांत निवृत्त अधिपरिचारिका आणि आरोग्यसेविका बऱ्याच होत्या. खेळानंतरची चर्चा अभिनयावर किंवा छायाचित्रणावर फारशी रेंगाळली नाही. ती नायिकेच्या वैधव्यावर आली आणि तिथेच थांबली. पतीच्या अपघाती मृत्यूला आपणच कारण झालो, या टोचणीतून एक तरुण स्त्री परिचर्येचे शिक्षण घेऊ लागते, अशी ही कथा आहे. पडद्यावरच्या परिचारिकेला संसार नसतो, आणि असलाच तर तो संपल्यावरच ती रुग्णालयाची पायरी चढते. असे का, हा तिथे विचारला गेलेला प्रश्न साधा वाटला, तरी त्याचे उत्तर कथालेखकाच्या कल्पनेपेक्षा नोकरीच्या नियमांत अधिक सापडते.

हा चित्रपट करमणुकीसाठी काढलेला नव्हता. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली आणि खाटा आहेत पण परिचारिका नाहीत, अशी स्थिती अनेक रुग्णालयांत दिसू लागली. मुलींनी या व्यवसायात यावे म्हणून तिथल्या श्रम खात्याने पडद्याचा आधार घेतला. त्यापूर्वी कित्येक वर्षे ब्रिटिश रुग्णालयांतला प्रघात असा होता की परिचारिकेने वसतिगृहात राहावे, रात्री बाहेर राहायचे तर अधिसेविकेची (मेट्रनची) परवानगी घ्यावी आणि लग्न ठरले की राजीनामा द्यावा. शिक्षिकांवरची लग्नाची बंदी तिथे १९४४ साली आणि सरकारी कचेऱ्यांतल्या स्त्रियांवरची १९४६ साली उठली. महायुद्धात आणि त्यानंतरच्या टंचाईत विवाहित परिचारिकांना परत बोलावण्याची वेळ रुग्णालयांवरही आली. अशा काळात नायिकेला विधवा करणे ही सोयीची तडजोड होती, असे वाटते. ती अननुभवी मुलगी नाही, तरी तिच्या पाळ्यांच्या आड येणारे घरही नाही. हा चित्रपट काढणारा विभाग पुढच्याच वर्षी बंद करण्यात आला आणि त्याने काढलेले बहुतेक प्रचारपट हळूहळू लोकांच्या आठवणीतून गेले.

अशा चित्रपटांचे विस्मरण केवळ अनास्थेमुळे झाले नाही. त्यांना तिकीटबारी नव्हती, त्यामुळे मालकीचा अभिमान बाळगणारा निर्माताही नव्हता. भरतीची मोहीम संपली की प्रतींचे काम संपले. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर माहितीपट काढण्यासाठी १९४८ साली केंद्र सरकारचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. चित्रपटगृहांत मुख्य खेळापूर्वी त्याचे माहितीपट दाखवणे परवान्याच्या अटीनुसार सक्तीचे होते आणि खेड्यांपर्यंत ते सोळा मिलिमीटरच्या फितीवरून, प्रचाराच्या मोटारगाडीतून पोहोचत. शाळेच्या पटांगणात पडदा बांधायचा, गाडीतल्या यंत्रावर फीत चढवायची आणि रात्रीच्या रात्री पुढच्या गावी निघायचे, हा क्रम कोकणात दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडाशी थांबे. तंबूतल्या सिनेमाचाही हंगाम तोच. एकच प्रत शेकडो वेळा यंत्रातून गेल्यावर तिच्या कडा फाटत आणि ओरखड्यांनी चित्र पुसट होई.

उरलेल्या प्रतींचे शत्रुत्व हवेशी होते. सोळा मिलिमीटरची फीत पेट घेणाऱ्या नायट्रेटची नसे, ती ॲसिटेटची असे. पण ॲसिटेट दमट उष्ण हवेत विघटन पावते, आकसते, त्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो आणि एका डब्यातला तो वायू शेजारच्या डब्यांनाही बिघडवतो. एकवीस अंश तापमान आणि पन्नास टक्के आर्द्रता राखली तरी ही प्रक्रिया सुरू व्हायला साधारण चाळीस वर्षे पुरतात, असे अभ्यासक मानतात. आषाढात पापडाच्या डब्यालाही बुरशी धरणाऱ्या किनाऱ्यावर, पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या रिळाकडून काय अपेक्षा करायची? पुण्यातल्या राष्ट्रीय संग्रहाचेही २००३ सालच्या आगीत मोठे नुकसान झाले, मात्र ते प्रामुख्याने जुन्या नायट्रेट फितींचे होते. आज जे जुने प्रचारपट पुन्हा पाहायला मिळतात ते बहुतांशी थंड, कोरड्या कोठारांत मूळ निगेटिव्ह टिकलेल्या देशांचे, हे या पुनर्शोधाबद्दल बोलताना ध्यानात ठेवायला हवे. आपण आपल्या परिचारिकांचा इतिहास दुसऱ्यांच्या पडद्यावर शोधतो, त्याला हे एक कारण आहे.

आपल्याकडच्या परिचर्येच्या आरंभाची हकिगत वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ती इथे थोडक्यात सांगणे पुरे. मुंबईच्या सरकारी रुग्णालयांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एतद्देशीय स्त्रियांचे प्रशिक्षण सुरू झाले, मिरज आणि वेंगुर्ले येथे अमेरिकन मिशनची इस्पितळे उभी राहिली आणि १९०९ साली पुण्यात निघालेल्या स्त्रियांच्या एका संस्थेने पुढच्या काही वर्षांत ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचर्येचे वर्ग चालवले. या वर्गांत विधवांचा भरणा होता. दापोलीजवळच्या मुरुडात वाढलेल्या एका प्राध्यापकाने १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढल्यानंतरच्या वातावरणात ते स्वाभाविकच होते. परक्याच्या शरीराला हात लावणे, विटाळ, रात्रपाळी, या साऱ्यांमुळे पांढरपेशा घरांना जे काम मुलीसाठी नको होते, ते विधवेसाठी चालण्यासारखे ठरले. सुधारणेच्या इतिहासात या घटनेचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की ज्या स्त्रीवर घराचा दावा उरलेला नाही तीच रुग्णालयाची, हे समीकरण इंग्लंडमधून न आणताही इथे तयार झाले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरचे आकडे पाहिले तर या समीकरणाची किंमत दिसते. १९४६ साली सादर झालेल्या आरोग्य सर्वेक्षण समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक. प्रशिक्षित प्रसाविका, म्हणजे बाळंतपणाचे शिक्षण घेतलेली परिचारिका, साठ हजारांमागे एक आणि घरोघरी जाणारी आरोग्य अभ्यागता चार लाखांमागे एक. पुढच्या वर्षी परिचर्या परिषदेचा कायदा आला, अभ्यासक्रमांना देशभर एकसारखे रूप मिळू लागले. एवढी टंचाई असताना लग्न करणाऱ्या परिचारिकेला घरी पाठवणे परवडणारे नव्हते, तरीही एका सेवेत ते चालू राहिले आणि दीर्घकाळ टिकले.

ही सेवा म्हणजे लष्करी परिचर्या सेवा. तिची घडण १९४३ च्या अध्यादेशाने झाली होती. सेवेत कायम झालेल्या अधिकारी परिचारिकेची नेमणूक कोणत्या कारणांनी संपवता येईल, हे ठरवणारी एक लष्करी सूचना १९७७ साली निघाली आणि तिच्यातली मांडणी मुळातून वाचण्याजोगी आहे. वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवणे, लग्न करणे आणि गैरवर्तन, ही कारणे तिथे एका रांगेत बसवली होती. आजारपण आणि बेशिस्त यांच्या मधोमध लग्न. पुरुष अधिकाऱ्यांना ही अट नव्हती. १९८८ साली एका परिचारिकेने लष्करातल्याच अधिकाऱ्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिला कार्यमुक्त करण्यात आले. ही सूचना मागे घेतली गेली ती ऑगस्ट १९९५ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी.

नियमाचे समर्थन करणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. आघाडीवरच्या रुग्णालयात हुकूम निघताच जावे लागते, बदल्या दूरवरच्या असतात, पाळ्या अनियमित असतात आणि गरोदरपणात ती जागा कोणी तरी भरून काढावी लागते. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष रजेची, निवासाची आणि बदलीची व्यवस्था करा, असा असायला हवा होता. तो लग्न करू नका असा निघाला आणि तोही एकाच लिंगासाठी. या नियमामुळे किती मुलींनी नोकरी सोडली यापेक्षा किती जणींनी ती पत्करलीच नाही, हा प्रश्न मोठा आहे.

न्यायालयांचा प्रवासही सरळ रेषेत झालेला नाही. परराष्ट्र सेवेतल्या स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, या नियमावर सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली कडक ताशेरे ओढले. दोनच वर्षांनी विमानसेविकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी संपवणारी अट रद्द केली, पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करू नये ही अट वाजवी मानली. त्यामागे कुटुंबनियोजनाचाही युक्तिवाद होता. नोकरी देणाऱ्याने नोकरदार स्त्रीचे लग्नाचे वय ठरवावे आणि ते लोकसंख्येच्या धोरणात बसवावे, हे त्या काळात फारसे कोणाला खटकले नाही. १९८८ साली कार्यमुक्त झालेल्या परिचारिकेचे प्रकरण अनेक वळणे घेत लष्करी न्यायाधिकरणात गेले, तिथे २०१६ साली तिच्या बाजूने निकाल लागला, केंद्र सरकारने अपील केले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघडउघड मनमानी आणि लिंगभेद करणारा ठरवून तिला साठ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. नोकरी परत मिळण्याचे वय तोपर्यंत निघून गेले होते.

किनाऱ्यावरच्या आरोग्यसेविकेला असा लेखी नियम लागू नव्हता. तिच्यावरचे दडपण जागेचे होते. सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि सहायक परिचारिका प्रसाविका ही गावाच्या ओळखीची झाली. लोक तिला नर्सबाई म्हणत, पुढे सिस्टर म्हणू लागले. सपाटीवर पाच हजार आणि डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, असे प्रमाण नंतर ठरले, पण तीन हजार लोक कोकणात एका ठिकाणी राहत नाहीत. ते दहा-बारा वाड्यांत विखुरलेले असतात. मध्ये खाडी असते, तिथे पार नेणारी होडी असेल तर ठीक, नसेल तर लांबचा वळसा. आणि पावसात साकव वाहून गेला की पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, चढून जाण्याला पर्याय नसे. घरातला कर्ता पुरुष मुंबईला गिरणीत किंवा बोटीवर, त्यामुळे बाळंतिणीच्या उशाशी सासू, गावची सुईण आणि ही सरकारी बाई, एवढ्याच असत. सुईणीवर गावाचा विश्वास होता. नर्सबाईला तो मिळवावा लागे, आणि तो बहुधा एखादे अडलेले बाळंतपण पार पडल्यावरच मिळे.

तिने मुख्यालयी राहावे ही अट मात्र होती. निवासस्थान गळके असो वा नसो, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी बाई हा वाडीच्या चर्चेचा विषय होई. लग्न झालेली असेल तर नवरा बहुधा मुंबईत किंवा दुसऱ्या तालुक्यात असे आणि पती-पत्नी एकत्रीकरणाच्या बदलीसाठी वर्षानुवर्षे अर्ज करावे लागत. लष्कराने जे कागदावर लिहिले, ते इथे अंतराने आणि बदलीच्या यादीने साधले, असे म्हटले तर फारसे वावगे ठरणार नाही.

१९७३ साली एका समितीने हिवताप, देवी, कुटुंबनियोजन अशा वेगवेगळ्या मोहिमांचे कर्मचारी एकत्र करून बहुउद्देशीय सेवक नेमण्याची शिफारस केली. प्रसाविका म्हणून शिकलेल्या स्त्रीकडे लसीकरण, नोंदवह्या, सर्वेक्षण आणि कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे आली. तिचे पदनाम आरोग्यसेविका झाले. याच बदलाबरोबर १९७७ साली तिचा अभ्यासक्रम दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणण्यात आला. काम वाढवायचे आणि शिक्षण कमी करायचे, या निर्णयाचे समर्थन करणे अवघड आहे. पुढे तो पुन्हा दोन वर्षांचा झाला, पण मधल्या काळात बाळंतपणाचे कसब दुय्यम ठरले ते ठरलेच.

२००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आले. आशा स्वयंसेविका गावातली विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री असावी, असा निकष या वेळी ठरला. अविवाहित मुलगी लग्न होऊन गाव सोडून जाईल, हे त्यामागचे कारण. म्हणजे शतकभर अडचणीचे मानलेले लग्न इथे पात्रता ठरले आणि मोबदला मात्र पगाराऐवजी कामागणिक मिळू लागला. याच अभियानात आरोग्यसेविका आणि अधिपरिचारिकाही मुदतीच्या करारावर घेतल्या जाऊ लागल्या. त्यांच्या करारात लग्नाचा उल्लेख नसतो, पण करार दर वर्षी नव्याने व्हायचा असल्यामुळे बाळंतपणाची रजा आणि कराराची अखेर एकाच महिन्यात आली की काय करायचे, हा पेच उभा राहतो. करार संपला तरी प्रसूतीचे लाभ पुढे द्यावे लागतात, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात स्पष्ट केले. दहा वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समायोजनाचा, म्हणजे त्यांना नियमित सेवेत सामावून घेण्याचा, महाराष्ट्र शासनाचा निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यानंतरही कर्मचाऱ्यांना कामबंद आंदोलने करावी लागली.