फिजीला जायचंय? व्हिसाची रांग नाही, पण फाईल जाड ठेवा

भारताबाहेर हिंदी ऐकायची तर फिजी. २०१३ च्या राज्यघटनेने तिथल्या प्राथमिक शाळांत इतौकेई (मूळ फिजियन लोकांची भाषा) आणि फिजी हिंदी हे दोन्ही विषय सक्तीचे केले. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही, हे कळलं की आपल्याकडे लोक तिकीट काढून मोकळे होतात. खरी अडचण येते ती फिजीत नाही, वाटेत.

आधी पात्रता. नांदी विमानतळावर उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी व्हिजिटर परमिट देतो, जास्तीत जास्त चार महिन्यांचं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचं किंवा पुढच्या देशाचं पक्कं तिकीट हवं, राहण्याची सोय दाखवता यायला हवी आणि खर्चापुरते पैसे आहेत हे पटवता यायला हवं. परमिट द्यायचं की नाही आणि किती दिवसांचं, हे शेवटी काउंटरवरचा अधिकारीच ठरवतो. त्यामुळे हॉटेलचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट आणि परतीचं तिकीट यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत असू द्या. ‘मोबाईलमध्ये आहे’ म्हणताना नेमकी बॅटरी संपलेली असते. या परमिटवर नोकरी करता येत नाही. नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचा पूर्ण पत्ता आणि फोन नंबर लिहून न्या. लहान मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतीपत्र आणि जन्मदाखला जवळ ठेवा.

आता वाट. मुंबईहून नांदीला थेट विमान नाही. सिंगापूरमार्गे गेलं तर सगळ्यात कमी कटकट, कारण तिथून नांदीला थेट विमान आहे आणि तिथल्या चांगी विमानतळाच्या ट्रान्झिट भागातून बाहेर पडायचं नसेल तर भारतीयाला सिंगापूरचा व्हिसा लागत नाही. मात्र दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर हवेत आणि सामान थेट नांदीपर्यंत टॅग झालेलं हवं. स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढली आणि बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायची वेळ आली, तर इमिग्रेशन ओलांडावं लागतं, आणि मग व्हिसा हवाच. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही. तिकिटाचे पैसे देण्याआधी ‘एक पीएनआर की दोन?’ एवढं विचारा.

सिडनी किंवा ब्रिस्बेनमार्गे जाणार असाल तर विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नसलात तरी भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याचा प्रकार ७७१. त्याला फी नाही, अर्ज ऑनलाइन करायचा, आणि तो ७२ तासांपर्यंतच्या थांब्यासाठी असतो. फुकट आहे म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, तो हातात नसेल तर विमान कंपनी मुंबईतच अडवते. सिडनीत रात्री विमानांना बंदी असते, त्यामुळे रात्रभराचा थांबा असेल तर झोपायचं कुठे, तेही आधी ठरवा. ऑकलंडमार्गे जायचं तर न्यूझीलंडचा वेगळा ट्रान्झिट व्हिसा काढावा लागतो. ऑस्ट्रेलियात नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींकडे तिथला वैध व्हिसा असतोच, त्यांना ऑस्ट्रेलियाच्या ट्रान्झिट व्हिसाची भानगड नाही.

पैशांचं थोडक्यात. परवानाधारक फॉरेक्सवाल्याकडे पासपोर्ट, तिकीट आणि पॅन कार्ड घेऊन जायचं. रोख परकीय चलन एका प्रवासासाठी ३,००० अमेरिकी डॉलरपर्यंत मिळतं, वरची रक्कम कार्डावर घ्या. आपल्याकडे फिजी डॉलर सहसा मिळत नाही, म्हणून अमेरिकी किंवा ऑस्ट्रेलियन डॉलर नेऊन तिथे बदलावेत.

मराठी माणूस हमखास अडकतो तो बायोसिक्युरिटीच्या टेबलाशी. अरायव्हल कार्डावर खाण्याचे पदार्थ, बिया, वनस्पती, लाकडी वस्तू याबद्दल प्रश्न असतात. डब्यात तुपातले बेसनाचे लाडू, घरचं लोणचं, गोडा मसाला, पूजेचा सुका नारळ असं काही असेल तर ‘होय’वर खूण करायची. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेली सापडली तर दंड होऊ शकतो. दूध-तुपाचं, मधाचं आणि कच्च्या बियांचं सामान घरीच ठेवलेलं बरं. तिथल्या बाजारात डाळ, पीठ, मसाले सगळं मिळतं. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

आता माणसांबद्दल, कारण इथे कागद उपयोगी पडत नाहीत. १४ मे १८७९ ला ‘लिओनिडास’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, फिजीला पोचले. १९१६ पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसं उसाच्या मळ्यांसाठी नेली गेली. त्यांच्या वंशजांची हिंदी अवधी-भोजपुरीच्या वळणाची आहे. ‘तुम’ म्हणून हाक आली तर राग मानू नका, तिथे ते सर्रास चालतं. ‘तुमचं भारतातलं गाव कोणतं?’ हा आपला आवडता प्रश्न मात्र जपून विचारा. अनेकांना ते ठाऊक नसतं. १९८७ आणि २००० मध्ये सरकारं बळाने उलथवली गेल्यावर यांच्यातल्या कितीतरी घरांतली माणसं देश सोडून गेली, तेव्हा जमीन आणि राजकारण हे विषय आपण होऊन काढू नयेत.

इतौकेई लोकांच्या गावात जायचं तर परवानगीची रीत वेगळी. नांदी किंवा राजधानी सुवाच्या बाजारातून यांगोना, म्हणजे कावा हे पेय ज्यापासून करतात त्या मुळांची जुडी घ्यायची. ती गावच्या मुखियाला अर्पण करतात, या विधीला सेवुसेवु म्हणतात. गावात टोपी आणि गॉगल काढून हातात धरायचा, खांदे-गुडघे झाकलेले असावेत, आणि कौतुकानेसुद्धा कुणा मुलाच्या डोक्यावरून हात फिरवायचा नाही. कावाची करवंटी पुढे आली की एक टाळी वाजवून ‘बुला’ म्हणायचं, एका दमात प्यायचं, मग तीन टाळ्या. चव मातकट, जीभ जराशी बधिर होते. रविवारी गावं चर्चमध्ये असतात, त्यामुळे तो दिवस टाळून जा. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम असतो. त्या काळातलं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्या.